बियाला राखलेलं वांगं

लाल चिंधी. एक बोट रुंद, वीतभर लांब. अंजनाच्या जुन्या लुगड्याच्या काठातून फाडलेली. दसऱ्याच्या सकाळी गाठ मारली तेव्हा वांगं हिरवं होतं, मुठीएवढं.

*

नकाशावर परस नाही. परस आहे त्या जागी इंजिनिअरनं एक चौकोन काढलाय आणि चौकोनात एक मोटार, वरून बघितल्यासारखी, चाकं न दिसणारी. ह्या घरात अजून मोटार नाही.

*

"भाऊ, सोमवारी सकाळी आठला मशीन घेऊन येतो. झाडबीड काय ठेवायचं असंल ते आधी काढून घ्या. नंतर म्हणू नका राव, गोरखनी सांगितलं न्हाई."

*

डाव्या डोळ्यात थेंब, दिवसातून सहा वेळा. वाकायचं नाही. धुळीत जायचं नाही. रविवारपर्यंत.

*

आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत ह्या घरात वांगं शिजत नाही. झाडाला लागतं, मोठं होतं, पाटीत बसून बाजाराला जातं. शिजत नाही.

*

दिवस मावळला की परसात एकट्यानं जायचं नाही. गेल्या पावसाळ्यात बिबट्या शेवंतीच्या वाफ्यात बसून गेला. शेवंती मोडली नव्हती. अंजनानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ते दाखवलं, जणू त्याला तिनंच शिकवलं होतं.

*

"चिंधीचं राखलंय."

*

मेथीचा वाफा

चंपाषष्ठीच्या सकाळी अश्विनी परसात उतरली तेव्हा मेथीवर दव होतं आणि मागच्या दारात आजी खुर्चीत बसल्या होत्या. काळा चष्मा, डोक्यावरून पदर, मांडीवर थेंबांची बाटली. आठवडाभर असंच चाललं होतं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अंजनाआजी उंबऱ्याच्या आत आणि त्यांचे हात म्हणून अश्विनी बाहेर.

"गवती चहाला पाणी नको आज."

"नाही घालत."

"मोरीचं पाणी अळवाकडंच चाललंय ना? का पुदिन्यात शिरलंय?"

"अळवाकडं, आजी."

"कोथिंबीर कापू नको. मुळासकट उपट. दाट झालीय, इरळ व्हती तेवढीच."

अश्विनीनं उपटली. वैशाखात लग्न होऊन ती बोरी बुद्रुकला आली, तेव्हा तिला कोथिंबिरीला मुळं असतात हे माहीत होतं, पण ती अशी पांढरी आणि इतकी वासाची असतात हे नव्हतं. वारूळवाडीला तिच्या माहेरचं घर दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीत तीन कुंड्या: तुळस, कोरफड आणि एक गुलाब, ज्याला तिच्या आईनं सहा वर्षं पाणी घातलं आणि ज्यानं एकदाही फूल दिलं नाही.

इथं दोन गुंठ्यांत काय नव्हतं! मेथीच्या पलीकडे कांद्याची पात, पातीच्या कडेनं लसूण, कुंपणावर घेवडा, दिवाळीचा झेंडू आता वाळत आलेला, शेवंती ऐन भरात. आणि मागच्या अंगाला वांग्याची नऊ झाडं. हिरव्या अंगावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे. आजींच्या आईनं माहेरून, लोणी गावाहून दिलेलं बी. लोणीला आता तेही उरलं नव्हतं, आजींच्या भावांकडं सगळीकडं पाकिटातलं बी आलं होतं. हे अश्विनीला ठाऊक होतं. सोमवारी मशीन येणार आणि परस जाणार, हेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजींनी नव्या घराला केव्हाच होकार दिला होता. होकार देताना त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, पण ती दिवाळीच्या आधी, आणि तेव्हा अश्विनी माहेरी होती.

"भरताला किती घेऊ?"

"पाच घे. चांगली भरलेली."

"आणि चिंधीचं?"

"चिंधीचं राखलंय," अंजनाआजी म्हणाल्या आणि डोळ्यात थेंब टाकायला मान मागं केली.

राखलंय. अश्विनी झाडापाशी उभी राहिली. तिच्या माहेरी देवाच्या नारळाला अशीच लाल चिंधी बांधतात. हे वांगं तर दसऱ्यापासून बांधलेलं. आणि रंग बघा: बाकीची हिरवी, हे पिवळं धमक. भंडाऱ्याचा रंग. आजचा दिवस खंडोबाचा. अजून काय सांगायला हवं होतं? तिनं पायातली चप्पल बाजूला काढली, वांग्याला हात जोडले, चिंधी सोडून कमरेला खोचली आणि वांगं हलकेच पिळून तोडलं. देठाची साल लांब निघून आली.

आजींची मान अजून मागंच होती.

*

पात

(भरीत करायची ह्या घरची रीत: वांगी निखाऱ्यावर भाजायची, गॅसवर नाही. सोलताना पाण्याचा हात लावायचा नाही. कांद्याची पात कच्चीच, बारीक चिरून. लसणाची पात त्याहून बारीक. मिरची भाजलेली. तेल वरून. रोडगे गोवऱ्यांवर, फडक्यानं राख झटकून. नैवेद्य निघेपर्यंत चव बघायची नाही.

चव बघायची नाही, म्हणून कुणीच बघितली नाही.)

*

पानं मांडली

तळी उचलायला शेजारचे तिघं आले होते. अंजनाचा मुलगा बाळासाहेब आणि नातू ऋषी, अश्विनीचा नवरा, धरून पाच जण झाले. ताम्हण उचललं, येळकोट झाला, भंडारा उधळला आणि प्रसादाचा रोडगा खाऊन तिघं निघून गेले. मग घरचे पाच जण स्वयंपाकघरात जेवायला बसले. चार खाली, अंजना खुर्चीत.

ऋषी चाकणच्या कंपनीतून रजा टाकून आला होता. त्यानं पहिला घास घेतला आणि थांबला.

"आई, भरीत कडू लागतंय का जरा?"

"चार महिन्यांनी खातोय, जीभ इसरली आसंल तुझी," बाळासाहेब म्हणाले. मग त्यांनी घास घेतला. मग पाणी घेतलं.

अंजनानं घास तोंडात ठेवला. चावला. तिनं दोन बोटांनी जिभेवरून काहीतरी काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. परत चावलं, परत काढलं.

"ह्याच्यात बी हाय," ती म्हणाली.

"वांग्यात बी असतंच की," बाळासाहेब.

"पक्कं बी हाय. कुठलं भाजलंय?"

अश्विनीचा हात रोडग्यावर तसाच राहिला. तिला अजून पूर्ण कळलं नव्हतं, पण काहीतरी चुकलंय एवढं आजींच्या आवाजावरून समजलं. देवघरात भंडाऱ्याच्या डब्याला तिनं सकाळी हौसेनं बांधलेली लाल चिंधी इथून दिसत होती. तिची नजर तिकडं गेली. तिच्यामागं मोहिनीची, तिच्या सासूची, नजर गेली.

अश्विनीनं तोंड उघडलं.

"मी तोडलं, आत्या," मोहिनी म्हणाली.

अंजना खुर्चीत सावकाश वळली. काळ्या काचांच्या आड तिचे डोळे कुणाला दिसत नव्हते.

"तू?"

"अंधार व्हता. ध्यान न्हाई राहिलं."

"तू तोडलंस. राखलेलं."

"हां."

अंजना काहीतरी म्हणणार असं वाटलं. तिचे ओठ हलले, आणि बाळासाहेबांना क्षणभर वाटलं की आई हसली. पण ती हसली नसणार. तिनं खाली बघून ताटातलं भरीत संपवलं, शेवटच्या बोटापर्यंत, देवाचं होतं म्हणून. बिया मात्र कडेला काढत गेली. मग म्हणाली, "बाळू, म्या घर बांधू नको म्हणलं का?"

"न्हाई आई."

"मी काय मागितलं व्हतं?"

बाळासाहेब रोडगा कुस्करत राहिले.

"एवढं एक वांगं पिकू दे म्हणलं व्हतं. आईतवारी डोळा मोकळा झाला आस्ता, म्या माझ्या हातानं तोडलं आस्तं, सोमवारी तुझं मशीन आलं आस्तं. एवढंच व्हतं माझं." ती उठली. "जाऊ द्या. जेवा. सणाचं जेवा."

*

गॅलरी (जी अजून बांधलेली नाही)

बाळासाहेबांना वाईट वाटलं की ते बोलत सुटतात.

"आवो, नारायणगावात दुकानं भरलीत बियानं. काटेरी म्हणा, बिनकाटेरी म्हणा."

"हे नाय ना मिळत, अण्णा," ऋषी म्हणाला.

"गेल्या सालचं?"

"सगळं मृगाला टाकलं," मोहिनी म्हणाली. "उरलं ते आत्यांनी कोंडाबाईला दिलं, तांदूळ इकायला येती ती. तिच्याकडं डोंगरात रोपं पावसानं सडली."

"झाडं काढून पिशव्यांत लावू," ऋषी म्हणाला. "मातीसकट. मोठ्या काळ्या पिशव्या मिळतात. नवीन घराच्या गॅलरीत ठेवू. नऊच तर झाडं आहेत."

"मुळं हलली की धरलेलं फळ गळतंय," आतल्या खोलीतून अंजनाचा आवाज आला. ती झोपलेली नव्हती. "पिशवीत झाड जगंल. फळ पिकायचं न्हाई. पिकल्याबिगर बी न्हाई."

"आणि आता दुसरं फळ राखलं तर?" ऋषीनं विचारलं.

"चाळीस दीस. थंडी पडली तर पन्नास."

बाळासाहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. सोमवार चांगला होता, म्हणून तो धरला होता. मार्गशीर्ष संपला की पौष. पौषात ह्या घरात कुणी खड्डासुद्धा खणला नव्हता. म्हणजे माघ. गवंड्याला सांगून झालं होतं, सळई रस्त्याच्या कडेला येऊन पडली होती, गोरखचं मशीन महिनाभर आधी धरून ठेवलं होतं. एका वांग्यासाठी दोन महिने? लोकांना काय सांगणार?

"पुढल्या साली कुठंतरी मिळंल बी," ते म्हणाले आणि हे खोटं आहे हे त्यांना बोलता बोलताच कळलं.

*

मोरी

मोरीच्या कडेला अश्विनी उकिडवी बसली होती. तिनं नैवेद्याच्या वाटीतलं आणि सगळ्यांच्या ताटांतलं राहिलेलं भरीत एका पातेल्यात जमवलं होतं. पाणी ओतायचं, हलवायचं, वरचा गाळ टाकायचा. बिया तळाला बसत होत्या. तिनं मोबाईलवर बघितलं होतं: तळाला बसतं ते चांगलं बी. चाळणीत मूठभर जमा झाल्या होत्या, तेलकट, तपकिरी. ती त्या साबणाच्या पाण्यानं धुवायला लागली.

"आगं बया!" मागं अंजना उभी होती, भिंतीला धरून. "साबण लावतीस?"

"तेल निघावं म्हणून."

अंजना आलेली बघून ती उठली आणि एका दमात म्हणाली, "आजी, मी तोडलं. आईंनी नाही. मला वाटलं देवाचं आहे. चिंधी होती, पिवळं होतं, आज चंपाषष्ठी. मी चप्पल काढून तोडलं आजी."

"मला ठावं हाय."

"काय?"

"मोहिनी वांगं कात्रीनं कापती. एकुणतीस सालं कात्रीनंच कापती, देठ बोटभर ठेवून. म्या आत्ता चुलीपाशी देठं चाचपली. सहाच्या सहा पिळलेली, कापलेलं एकबी न्हाई. एकाची साल वीतभर लोंबत व्हती. पिळून तोडायची सवय तुझी."

अश्विनी रडायला लागली. मोठ्यानं नाही, नाक ओढत.

"रडू नको. तू रडलीस की मला रडू येतंय आन डाक्टर म्हणलाय डोळा वला करायचा न्हाई."

अश्विनी रडता रडता हसली.

"मग आईंना तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"तिला ते बोलायचंच व्हतं," अंजना म्हणाली. तिनं चाळणीत बोट घालून एक बी उचललं, नखानं दाबलं. ते कुरकुरलं. "भाजलेलं हाय बाळा. ह्याला कोंब यायचा न्हाई."

"एखादं तरी? आतलं, जे निखाऱ्याला लागलं नसेल?"

अंजनानं ते बी परत चाळणीत टाकलं. मग म्हणाली, "पेरून बघ. अळवाच्या कडंला. तेवढंच तुझ्या जिवाला बरं वाटंल." आणि थोडं थांबून, "मी बी पेरलं आस्तं."

*

शेवंती

मोहिनीला उभ्यानं स्वयंपाक करायचा होता. एवढंच. लोकांना वाटायचं तिला बंगला पाहिजे, वर खोल्या, खाली मोटार. तिला एक ओटा पाहिजे होता. गुडघे गेले होते. भाकरीला खाली बसायचं म्हणजे आधी एक हात भिंतीला, मग एक जमिनीला. गावातल्या सगळ्यांच्या घरी ओटा झाला. ह्या घरात ओट्याला जागा नव्हती, जागा करायची तर स्वयंपाकघर मागं सरकवायचं, आणि मागं परस. नकाशा आला तेव्हा तिनं ओट्याच्या रेघेवर बोट फिरवून पाहिलं होतं.

ती शेवंतीच्या वाफ्यापाशी उभी होती. नवरा मागून आला.

"आई रुसली काय?"

"न्हाई. बियाबरोबर खेळत बसल्यात नातसून घेऊन."

"मग झालं की."

"अहो, गोरखचा नंबर लावा."

"कशाला?"

"लावा तर."

त्यांनी लावला. तिनं फोन हातातून घेतला.

"गोरखभाऊ, मोहिनी बोलतीय. सोमवारी येऊ नका."

"का वहिनी? काय झालं? कुणी आजारीबिजारी?"

"कुणी न्हाई आजारी. माघात या."

"माघात माझं मशीन तिकडं कॅनॉलवर हाय, वहिनी."

"मग तिथनं या. जेवायला या आधी. भरीत-रोडगा घालीन." तिनं फोन बंद करून परत दिला.

बाळासाहेब बघत राहिले. हीच बाई. दिवाळीत हिनंच ऐकवलं होतं की ह्या घरात मी बसूनच मरणार.

"आता तुलाच घर नको?"

"घर पाहिजे. माघात पाहिजे."

"आन गुडघे?"

"माझे हायेत ना? दोन महिने वाकतील अजून."

"लोक इचारतील, मशीन का थांबवलं."

"सांगा बायकोनं थांबवलं. लोकांना लगेच खरं वाटंल."

ते हसले. मग गंभीर झाले. "एका वांग्यापायी, मोहिनी?"

ती शेवंतीची वाळकी फुलं खुडत होती. "ते मी तोडलं ना," ती म्हणाली. "मग मलाच थांबायला पाहिजे."

बाळासाहेबांना वाटलं ती अजून तेच खोटं धरून बसलीय. चिंधी त्यांनीही बघितली होती, सुनेचं तोंडही. सळईवर ताडपत्री टाकायला हवी एवढंच म्हणाले.

*

वांगी

दुपार कलली तेव्हा सगळे मागच्या दारात. अंजना खुर्चीत, उंबऱ्याच्या आत. अश्विनी झाडांत.

"तिसऱ्या झाडाला बघ. फाट्यात धरलेलं हाय का?"

"आहे."

"केवढं?"

"माझ्या मुठीएवढं."

"तुझी मूठ केवढीशी! रेघा?"

"पांढऱ्या. सरळ आहेत. वरपर्यंत गेल्यात."

"काटं?"

"सहा... नाही, सात. आई गं!"

"आठ असणार," मोहिनी म्हणाली. "एक बोटात गेला."

"कीड? भोक?"

"नाही."

"मग तेच," अंजना म्हणाली. "त्याच्या शेजारची दोन खुडून टाक, त्याला ताकद मिळू दे. आन आता कात्री घे गं बाई, पिळू नको."

अश्विनीनं कात्री मोहिनीकडून घेतली. भंडाऱ्याच्या डब्याची चिंधी ऋषीनं सोडून आणली होती. भंडारा लागून ती अर्धी पिवळी झाली होती.

"आजी, ह्याच्यावर मार्करनं लिहू का?" ऋषीनं विचारलं.

"काय ल्हितो?"

"बी."

"ल्ही. आता वाचणारी माणसं आलीत घरात. आमाला मेलं न वाचताच कळावं लागायचं."

त्यानं गुडघ्यावर चिंधी ताणून लिहिलं. अक्षर कापडात फाकलं, पण वाचता येत होतं. अश्विनीनं गाठ मारली. फार घट्ट मारली असं वाटून सोडली, परत मारली.

"झालं?" अंजनानं विचारलं.

"झालं, आजी."

"आता मला सांग काय झालं ते."

अश्विनी उभी राहिली. हाताला माती, बोटाला रक्ताचा थेंब. "बियाला राखलंय," ती म्हणाली. "पिवळं झालं तरी तोडायचं नाही. देठ वाळल्यावर तुम्ही तोडायचं."

"तू तोडायचं."

"मी?"

"कात्रीनं," मोहिनी म्हणाली.

उन्हं घेवड्यावरून उतरत होती. आत जायची वेळ झाली होती. अळवाच्या कडेला ओल्या मातीत मूठभर भाजलेलं बी पेरलेलं होतं, आणि त्यावर कुणीतरी तांब्याभर पाणी घातलेलं होतं. अश्विनीनं घातलेलं नव्हतं.

*

१९९६ साली, मोहिनी ह्या घरात आल्यावरच्या पहिल्या चंपाषष्ठीला, बियाला राखलेलं वांगं तिनं तोडलं होतं, आणि अंजनानं आपल्या सासूला सांगितलं होतं की ते आपल्याच हातून तुटलं.